शेळ्या खातात, तरी वाळत चालल्यात. जोन्स असेल का? (मदत हवी आहे)

जतकडचा

नमस्कार मंडळी. जत तालुक्यात आमचा उस्मानाबादी शेळ्यांचा कळप आहे, लहानमोठ्या धरून चाळीसेक. सकाळी रानात चरायला, दुपारनंतर गोठ्यात मका नाहीतर कडवळ.

गेल्या उन्हाळ्यापासून मोठ्या शेळ्यांत एक प्रकार सुरू झालाय. खातात, रवंथ करतात, ताप नाही, पण अंगावर मांस म्हणून राहत नाही. पाठीचा कणा हाताला लागतो. लेंड्या सुट्या पडायच्या ऐवजी चिकट गोळा पडतो. पाण्यासारखी हगवण फक्त एकीलाच झाली. दोन मेल्या, आणखी दोन त्याच वाटेवर आहेत, त्यातल्या एकीच्या जबड्याखाली पाणी उतरलंय. करडं आणि पाटी (न व्यायलेल्या तरुण माद्या) मात्र ठणठणीत. म्हणून तर डोकं चालेना.

पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लशी झाल्यात. जंताचं औषध, लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, सगळं पाजून झालं. अँटिबायोटिकने एक जरा सावरली आणि परत बसली. आमचे डॉक्टर म्हणाले, जोन्स (आतड्याचा जुनाट रोग) असू शकतो. घरच्यांचं म्हणणं, आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात वाळक्या काढून मोकळं व्हावं.

जोन्सच आहे हे ओळखायचं कसं? औषध आहे का? आणि घरात पोरं हेच दूध पितात, त्याचं काय?

माणदेशी मेंढका

दादा, आधी जंत बघा. आपल्याकडं पोटातला रक्त पिणारा जंत असाच वाळवतो आणि जबड्याखाली पाणीही त्यानंच उतरतं. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा, आतनं पांढरी फटक असेल तर जंत. वर्षानुवर्षं एकच औषध पाजत असाल तर ते आता चालतही नसेल. ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, अंदाजानं बाटल्या ओतू नका. कानाखाली, खांद्यापुढं गाठी आहेत का? फुटल्यावर घट्ट पू येणाऱ्या? त्या गाठी आत फुफ्फुसात झाल्या तरी शेळी अशीच झिजते. म्हाताऱ्या असतील तर दातही बघा.

जतकडचा

पापणी एकीची फिकट, बाकीच्यांची गुलाबीच आहे. लेंड्यांत जंताची अंडी निघाली, पण अगदी थोडी. गाठी नाहीत. सगळ्या तीन-चार वर्षांच्या, दात शाबूत.

गुरांचा डॉक्टर

या वर्णनावरून जोन्सचा संशय बळावतो, पण बसल्या जागी शिक्का मारणार नाही.

हा क्षयाच्या कुळातल्या जिवाणूचा आजार. १८९५ साली जर्मनीत योहने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी तो गाईच्या आतड्यात पहिल्यांदा दाखवला. गाईला धो धो हगवण लागते, शेळीला बहुतेक वेळा लागत नाही, म्हणून तिच्यात तो ओळखू येत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड होतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगातलं प्रथिन आतड्यावाटे झिरपून जातं. जबड्याखालचं पाणी त्यामुळेही येतं.

तुमची करडं ठणठणीत का, तर लागण बहुधा करडूपणीच होते आणि रोग दिसतो दोन-तीन वर्षांनी, बऱ्याचदा वेताचा ताण पडला की. आईच्या लेंड्यांनी माखलेली कास, चीक, दूध, गोठ्यातलं पाणी, यातून जिवाणू पोटात जातो. जास्त बिघडलेल्या शेळीकडून पोटातल्या पिल्लालाही जातो. म्हणजे आज धडधाकट दिसणाऱ्या पाटींपैकी काही आतून बाधित असतील, आणि लक्षणं दिसायच्या आधीच त्या लेंड्यांतून जिवाणू टाकू लागतात.

औषध नाही. अँटिबायोटिकवर पैसे घालू नका.

रक्ताची एलायझा चाचणी मिळते, पण ती उशिराच्या टप्प्यावर जास्त कामाची. वाळलेली शेळी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा. तरुण पाट निगेटिव्ह आली म्हणून ती निर्धोक असं समजू नका. लेंड्यांची पीसीआर (जिवाणूचा अंश शोधणारी चाचणी) होते. जिवाणू वाढवून बघायची पद्धतही आहे, पण त्याला महिने लागतात. कळपासाठी सगळ्यात स्वस्त आणि पक्का मार्ग म्हणजे शवविच्छेदन. पुढची जी मरेल ती पुरू नका, डॉक्टरांना बोलवा. मात्र एखादी अचानक मेली आणि नाकातोंडातून काळं रक्त आलं, तर तिला अजिबात कापायचं नाही, तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो.

नमुने शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तुमच्या दवाखान्यामार्फत पाठवता येतील. दवाखाना लांब असेल तर जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर, १९६२ वर, फोन करा.

बाजाराचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत, नको. वाळकी शेळी खाटकाकडेच जाईल याची खात्री नसते. स्वस्तात मिळाली, चार महिने खाऊ घालू, होईल ताजी, असं म्हणत दुसराच कुणीतरी नेतो आणि त्याचा गोठा बसतो. तुमच्याकडेही बहुतेक अशीच कुणाची तरी आली असेल.

दूध उकळूनच प्या. माणसातल्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी या जिवाणूचा संबंध जोडतात, तो सिद्ध झालेला नाही. पण कच्चं दूध तसंही पोरांना देऊ नये.

खटावची वहिनी

आमच्या गोठ्यात हे येऊन गेलंय, म्हणून लिहिते. पुस्तकात असतं की करडू जन्मल्या जन्मल्या आईपासून तोडा, चीक ठरावीक उष्णतेवर तापवून पाजा. दोन बायका आणि चाळीस शेळ्या असल्या की कुणाला जमतंय ते? आम्ही जमेल तेवढंच धरलं. वाळलेली दिसली की वेगळी बांधायची, तिचं दूध कुठल्याच करडाला नाही, आणि तिच्या पोटची पाट पैदाशीला ठेवायची नाही, कितीही देखणी असो. हे शेवटचं फार जड जातं, कारण जास्त दुधाच्या शेळीचीच पाट आपण ठेवतो.

गव्हाण आणि पाण्याची टाकी उंच केली, शेळीला वर चढून आत पाय घालता येणार नाही अशी. व्यायची जागा वेगळी, कोरडी. गोठ्याचं छप्पर पूर्वेकडून उघडं केलं, ऊन आत येतं. करडं मोठ्या शेळ्यांच्या दावणीत सोडत नाही. कळप पुरता सुटला असं म्हणणार नाही, पण वाळून मरणं खूप कमी झालं.

लशीचं डॉक्टरांनाच विचारा. मथुरेजवळ मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेनं देशी जिवाणूपासून लस तयार केलीय एवढं माहीत आहे.

जतकडचा

वहिनी, डॉक्टरसाहेब, आभार. लेंडीखत आम्ही कडवळाच्याच रानात टाकतो, आणि दोन म्हशी त्याच गोठ्यात आहेत. त्यांना धोका? आणि लस घ्यावी का?

गुरांचा डॉक्टर

म्हशींना होऊ शकतो, विशेषतः रेडकांना. ती वेगळ्या जागी बांधा. हा जिवाणू ओल्या, सावलीच्या जागी वर्षभरही तग धरतो, म्हणून यंदाचं खत चाऱ्याच्या रानात नको. ज्वारी-बाजरीच्या किंवा उसाच्या रानात टाका आणि तिथं लगेच शेळ्या सोडू नका.

लशीनं झालेली लागण पुसली जात नाही. लेंड्यांतून जिवाणू पडणं आणि वाळणं कमी होतं. लस दिल्यावर जोन्सच्या रक्तचाचणीत आणि क्षयाच्या चाचणीत गोंधळ होतो, म्हणून आधी निदान, मग लस. नवी शेळी आणायची तर बाजारातून नको. ज्याच्या कळपात मोठ्या शेळ्या धडधाकट आहेत त्याच्या गोठ्यावर जाऊन, म्हाताऱ्या शेळ्या बघून घ्या.

जतकडचा

जबड्याखाली पाणी उतरलेली आता उठत नाही. उद्या सकाळी डॉक्टर येतायत. नमुना नेताना काय सांभाळू?

गुरांचा डॉक्टर

लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथला तुकडा आणि शेजारची लसीकाग्रंथीची गाठ, दोन्ही घ्यायला सांगा. अर्धा भाग दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. उरलेला अर्धा कोरड्या डबीत बर्फावर. फॉर्मेलिनची बाटली बर्फात घालू नका, गोठलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. डब्यांवर शेळीचं वय, वेत आणि कधीपासून वाळतेय ते लिहा.