कॉन्टेसा गाडीला कुठला पॉवर स्टीअरिंग पंप बसेल? (बडोदे)

बाबांची कॉन्टेसा आहे, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन. रावपुऱ्याच्या गर्दीत वळवताना पंप कण्हतो, शाफ्टजवळ तेल गळतं. भंगारवाल्याकडून आणलेला पंप हुबेहूब दिसतो, पण पुली दोन बोटं पुढे येते. दिवाळीला बाबांना सुरसागर, मांडवी फिरवून आणायचंय. काय करू?

काका_दांडियाबाजार: बाळा, जुना पंप टाकू नकोस! शाफ्टचं सीलच गेलं असेल तर माप देऊन नवीन मिळतं. आतल्या पात्यांवर, रिंगवर ओरखडे असतील तरच पंप बदल. तेव्हा फिरण्याची दिशा, ब्रॅकेटची भोकं, प्रेशर पाइपचे आटे जुन्याशी ताडून बघ. पुली पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढ, हातोडी अजिबात नको. पट्टा एका रेषेत नसेल तर नवा पंपही टिकणार नाही.

गॅरेजवाला_मांजलपूर: स्टीअरिंग तेलाच्या टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइपही बदला. तो हवा ओढतो, तेलाला फेस येतो, मग कण्हणं सुरू. जुनं तेल पूर्ण काढा. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, तेल भरत राहा. मगच स्टार्ट.

प्रश्नकर्ता: काका, पंप उघडला. पाती स्वच्छ आहेत! उद्या सील शोधायला निघतो.