मदत हवी आहे: आईसोबत तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड, कमीत कमी चालून

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पुण्यातल्या तुळशीबागेत जायचं आहे. पितळी भातुकली आणि पूजेची भांडी घ्यायची आहेत, राममंदिरात दर्शन घ्यायचं आहे, आणि मग लक्ष्मी रोडवर एक साडी. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालते, पण जिने अजिबात जमत नाहीत. गाडी नाही, आणि दुचाकीवर ती बसत नाही.

रिक्षाने एकदा जाऊन पाहिलं, पण गर्दीमुळे बरंच अलीकडे उतरावं लागलं. आता स्वारगेटहून मेट्रोने मंडई स्थानकावर उतरायचा विचार आहे. नकाशात अंतर कमी दिसतं, पण लिफ्ट नेमकी कुठल्या बाजूला वर येते ते कळत नाही. शनिवार-रविवार टाळणार आहोत. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून सकाळीच निघू. श्रीकृष्ण भुवनची मिसळ आईची फार आवडती, पण तिथे रांगेत उभं राहणं तिला झेपणार नाही.

अलीकडे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: मंडई स्थानकातून एकही जिना न चढता तुळशीबागेच्या जवळ नेणारं दार कोणतं, आणि मिसळीसाठी किती वाजता गेलं तर लगेच बसायला जागा मिळते?