धुळे : ओपन स्पेसमध्ये पावसाचं पाणी मुरवायचंय, शेजारचा नाला बंदिस्त करू द्यावा का?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. देवपूरच्या पुढे साधारण २ हेक्टरचा ले-आउट आहे. त्यातली २००० चौरस मीटरची ओपन स्पेस नेमकी सगळ्यात सखल कोपऱ्यात आलीय आणि तिच्या कडेनं नाला जातो. वर चारेक फूट काळी माती, खाली पिवळसर मुरूम, बांधकामांच्या खोदाईत १२-१३ फुटांवर काळा पाषाण. श्रावणात तिथं पाणी आठ-आठ दिवस साचून राहतं, डास होतात. आणि होळी झाली की बोअर एकेक करून आटायला लागतात.

सोसायटीपुढे आलेला प्रस्ताव असा : ओपन स्पेसमध्ये दोन फूट भर, वर लॉन, भोवती पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक, मधोमध एक रिचार्ज बोअर (पावसाचं पाणी खाली सोडायचा). नाल्यात ९०० मिमीचा ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा) टाकून वर रस्ता. काही जण म्हणतात, शिरपूर पॅटर्नसारखा नाला खोल करा म्हणजे बोअरही चालतील. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. बैठकीत आकडा नसला की कोणी ऐकत नाही.

मुरमाड
भाऊ, सगळ्यात आधी ती भर थांबवा. पाणी आपणहून चालत येतं अशी अख्ख्या ले-आउटमधली ती एकच सामाईक जागा आहे. ती उंच केली की तेच पाणी खालच्या ओळीतल्या घरांच्या जोत्याला लागेल.

काम खड्ड्यापासून सुरू करा. ओपन स्पेसमध्ये तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन खड्डे : एक काळ्या मातीतच दोन फूट खोल, दुसरा मुरमात फूटभर शिरेल इतका. मीटर बाय मीटरचा खड्डा पुरे. मुरमाच्या खड्ड्यात पाणी फक्त मुरमाच्या उंचीइतकंच भरायचं. पट्टी उभी करून दर तासाला पातळी लिहायची.

यात एक गोष्ट बहुतेकांना चकवते. चैत्र-वैशाखात काळी माती इतकी तडकलेली असते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पहिलं पाणी भेगांतून डोळ्यादेखत गडप होतं आणि सगळे म्हणतात, जमीन काय मस्त पाणी पितेय! रात्रीतून माती फुगते, भेगा मिटतात, खड्ड्याच्या भिंती बुळबुळीत होतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवरची रेघ तासाला २-३ मिमीच्या पुढे हलत नाही. पावसाळ्यात तुमच्या कामाला येणार तो हा आकडा. म्हणून खड्डा सलग दोन दिवस भरलेला ठेवा आणि माप तिसऱ्या दिवशी घ्या.

३० सेमी पाणी ४८ तासांत जिरायचं तर ताशी सव्वासहा मिमी लागतात. गाळ बसून वेग निम्म्यावर येतो हे धरलं तर चाचणीत १२-१३ हवेत. काळ्या मातीत २ आले तर तेच पाणी सहा दिवसांहून जास्त उभं राहणार, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुमचे आठ दिवस म्हणूनच भोवतात.

दुसरं म्हणजे डाइक. धुळे-नंदुरबार पट्ट्यात कातळाच्या या उभ्या भिंती जमिनीखाली, काही ठिकाणी वरही, मैलोन्‌मैल गेलेल्या आहेत. भूजल बऱ्याचदा त्यांना अडतं. तुमची ओपन स्पेस डाइकच्या एका बाजूला आणि कोरडे बोअर दुसऱ्या बाजूला असतील, तर कितीही मुरवा, त्या बोअरना बहुधा फरक दिसणार नाही. भूजल सर्वेक्षण विभागाकडे किंवा एखाद्या भूवैज्ञानिकाकडे हे आधी तपासा. बैठकीत 'बोअरला पाणी येईल' असा शब्द देण्यापूर्वी तर नक्कीच.

वाघूर४५
मुरमाड यांनी वेगाचं सांगितलं, मी मापांचं सांगतो.

२ हेक्टरवर २० मिमी पाऊस, त्यातला ६० टक्के वाहून आला, तर २४० घनमीटर. म्हणजे २ लाख ४० हजार लिटर. एवढं पाणी कुठलाही रिचार्ज बोअर तासाभरात घेत नाही. दगडी चरसुद्धा साठवणीला पुरत नाही, कारण दगड भरल्यावर पोकळी ४० टक्केच उरते. पण ओपन स्पेसमधली ८०० चौरस मीटर जागा नुसती ३० सेमी खाली घेतली की बरोबर २४० घनमीटर मावतात. तेव्हा साठवण उघड्यावर करा आणि मुरवण चरात. काठ १:४ उताराचे ठेवा, म्हणजे आठ महिने तिथं पोरांना क्रिकेट खेळता येईल.

या सखल भागात १ मीटर रुंद, २ मीटर खोल असे २५-२५ मीटरचे दोन चर घ्या. वरचे १.२ मीटर काळ्या मातीत जातात, खालचे ०.८ मुरमात. तळ आणि दोन्ही बाजू मिळून दर मीटर लांबीला मुरमाचा २.६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. मुरमात चाचणी ताशी ५० मिमी आली तर हिशेबाला २५ च धरा. ५० मीटर चरातून तासाला सव्वातीन घनमीटर, वर ८०० चौरस मीटर काळी माती २ मिमीच्या वेगानं १.६. एकूण पाच घनमीटरच्या जवळपास, म्हणजे २४० घनमीटर दोन दिवसांत खाली. मुरमाचा आकडा २० च्या खाली आला तर चर वाढवत बसू नका, पाण्याची खोली १५ सेमीवर आणा आणि उरलेलं नाल्याला जाऊ द्या.

भराव तळापासून असा : १.४ मीटर ४०-६० मिमीचा दगड, २० सेमी २० मिमीची खडी, १० सेमी बारीक ६-१० मिमी खडी, वर ३० सेमी भरड वाळू. खडी आणि वाळू यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा. दगड धुतलेलाच हवा. क्रशरवरून आलेला भुकटीसकट ओतला तर पहिल्या दोन पावसांत ती भुकटी तळाशी बसून मुरूम लिंपला जातो, आणि पूर्ण चर उपसल्याशिवाय तो परत मोकळा होत नाही.

रस्त्याचं पाणी आत येतं तिथं २ बाय २ बाय १ मीटरचा गाळखड्डा. त्याच्या तळाला प्लास्टर नको, नाहीतर डास तिथंच होतील. सांडवा ३ मीटर रुंद दगडी उंबऱ्याचा. ताशी ६० मिमीच्या सरीला ०.२ घनमीटर प्रतिसेकंद पाणी येतं, ते या उंबऱ्यावरून १२ सेमी जाडीनं निघून जातं. उंबरा नाल्याच्या पूरपातळीच्या वर आहे ना, हे लेव्हल लावून बघा, नाहीतर नाला उलटा आत शिरेल. आणि चराचा तळ पावसाळ्यातल्या विहिरीच्या पातळीपेक्षा मीटरभर तरी वर हवा. तुमच्याकडे पाषाण १२ फुटांवर आहे, श्रावणात त्यावर पाणी चढतं.

गिरणेचा पाट
वाघूर४५ यांच्या एका मुद्द्याशी असहमत. आडवं जिओटेक्स्टाइल नको. आपल्या काळ्या मातीचा कण फार बारीक, तो वाळूतून उतरून नेमका कापडावर थर धरतो. वरून वाळू बदलली तरी खालचं कापड बुजलेलंच राहतं आणि दोष कुठं आहे तेच कळत नाही. ६-१० मिमी खडीचा थर तुम्ही दिलाच आहे, वाळू अडवायला तो पुरतो. कापड फक्त चराच्या दोन्ही बाजूंना, काळ्या मातीच्या उंचीपर्यंत लावा, कारण फुगणारी माती दगडात घुसते. मुरमाला कापड लावू नका.

रिचार्ज बोअरबद्दल स्पष्ट सांगतो : रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये. ऑइल, कुत्र्यांची घाण, तुंबलेल्या चेंबरचं पाणी, सगळं गाळण न होता सरळ खोलवर जातं आणि ते परत काढता येत नाही. बोअर भरायचेच तर घराच्या छताच्या पाण्यानं भरा. १०० चौरस मीटर छत, धुळ्याचा ५५० मिमी पाऊस, ८० टक्के हाती धरला तर वर्षाला ४४ हजार लिटर. पहिले २ मिमी, म्हणजे २०० लिटर, बाहेर काढून द्यायचे. त्याला एक पिंप आणि तळाला बारीक गळती पुरते. पुढे वाळू-खडीची गाळणी. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यापासून किमान १५-२० मीटर अंतर, आणि मुरवणीचं कुठलंही काम घराच्या किंवा कंपाउंडच्या पायापासून ५-६ मीटर लांब. काळी माती एका बाजूनं भिजली की भिंत तडकते.

नाल्याचं गणित. पाणलोट ६० हेक्टर आहे असं उदाहरणादाखल धरू (तुमचा नकाशावरून मोजून घ्या). गुणांक ०.५ (म्हणजे निम्मा पाऊस वाहून येतो), ताशी ६० मिमी : ५ घनमीटर प्रतिसेकंद. २०० ला १ उतारावर ९०० मिमीचा पाइप तुडुंब वाहिला तर जेमतेम १.३ देतो. म्हणजे एक नाही, चार पाइप हवेत, आणि तेही प्लास्टिक अडकलं नाही तर. उघडा नाला तळाला २ मीटर, बाजू १:१.५, खोली १.२ मीटर, वर रुंदी ५.६ मीटर एवढा ठेवला तर त्याच उतारावर ७.४ घनमीटर नेतो. त्यात बेशरम (नाल्यात वाढणारं झुडूप) माजला तर तोच नाला ५.२ वर येतो. तरी पुरतो! पाइप तुंबला की रस्ता फोडावा लागतो, उघडा नाला पोकलेननं अर्ध्या दिवसात साफ होतो. पायथ्याला अर्धा मीटर उंच दगडी पिचिंग (दगड रचून अस्तर) करा, वर गवत राहू द्या. तळाला काँक्रीट नको. नाला पूररेषेत येत असेल तर निळ्या रेषेच्या (आतल्या पूररेषेच्या) आत बांधकाम चालत नाही, हे नगररचना विभागातून लेखी घ्या.

शिरपूरच्या कामांचं मोल मोठं आहे, पण तिथलं भूस्तर-चित्र वेगळं. तापीच्या जाड गाळाच्या पट्ट्यात वरचा चिकणमातीचा थर पाण्याला खाली जाऊ देत नाही. नाला रुंद-खोल करून तो थर फोडला की पाणी खालच्या वाळूच्या थराला मिळतं. तुमच्याकडे १२ फुटांवर पाषाण आहे, आणि कॉलनीच्या नाल्यात सांडपाणी असतंच. तो खोल केला तर सांडपाणी मुरेल. वस्तीत उभे काठ पोरांच्या जिवावरही बेततात.

निंबाखाली
लॉनचा हट्ट सोडाच. आपल्या उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला दिवसाला ६ लिटर तरी लागतात. १००० चौरस मीटरला रोज ६००० लिटर, म्हणजे टँकरच. नळाला रोज पाणी नसलेल्या कॉलनीत हे योग्य नाही.

झाडं पाण्याच्या पातळीप्रमाणे लावा. सखल भागात करंज, जांभूळ. करंज पाय बुडलेलेही सोसतो आणि मे महिनाही. नाल्याच्या काठाला अर्जुन सादडा, निर्गुडी. सांडव्याच्या खाली वाळ्याच्या ओळी, रोपात १५ सेमी अंतर, दाट. मूळ खोल जातं आणि काठ धरून ठेवतं. निंब मात्र काठावरच्या उंच बांधावर. त्याला पाणी साचलेलं चालत नाही, सखल भागात पिवळा पडून जातो. पिंपळ-उंबर चरापासून लांब. सुबाभूळ आणि वेडी बाभूळ एकही नको, बी वाहत जाऊन अख्खा नाला व्यापतो.

काळ्या मातीत झाडाचा खड्डा घेताना बाजू कुदळीनं खरवडा. जेसीबीच्या बकेटनं त्या गुळगुळीत होतात, पाणी आत रांजणासारखं राहतं आणि रोप कुजतं. वरून चार बोटं पालापाचोळा पसरा, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटणार नाहीत.

पांझराकाठ
खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. भर आणि पाइप दोन्ही स्थगित ठेवायचं मांडतो. खरी अडचण पुढची आहे. हे सांभाळणार कोण? वर्गणीवर वाद होतात, वरच्या ओळीतले म्हणतात आमच्याकडे पाणी साचतच नाही.

मुरमाड
याचं उत्तर तुमच्या आयडीतच आहे, भाऊ. पांझरेवर फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची, भिजणाऱ्या जमिनीचा एकेक भाग म्हणजे फड) शेकडो वर्षं चालली ती बंधाऱ्याच्या दगडामुळे तर खरीच, पण तेवढीच तिच्या नेमांमुळे. पाट साफ करायचं काम जमिनीच्या हिश्शाप्रमाणे प्रत्येकावर. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांकडून. कुठल्या फडात कुठलं पीक हे गावानं ठरवायचं, आणि पाणी कमी असलं की तोटा एकट्या शेपटाच्या शेतकऱ्यानं सोसायचा नाही.

तुमच्याकडे तोच न्याय लावा. वर्गणी साचलेल्या पाण्यावर नको, प्लॉटच्या छत आणि फरशीच्या क्षेत्रावर ठरवा. वरच्या ओळीतलं पाणीच खाली येऊन साचतं, त्यामुळे त्यांचा वाटा आपोआप ठरतो. ज्यानं अंगण मातीचं ठेवलं किंवा छताचं पाणी जिरवलं, त्याला सूट. आणि एक माणूस पगारी नेमा. "सगळे मिळून बघू" म्हटलं की गाळखड्डा पहिल्याच वर्षी भरतो. त्याचं काम लिहून द्या : पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर गाळखड्डा आणि सांडवा बघणं, ४८ तासांनी पाणी उतरलं का ते सखल भागात रोवलेल्या पट्टीवर नोंदवणं. सलग तीन नोंदींत उतार मंदावला की चर बुजतोय असं समजायचं. तेव्हा आधी वरची ५ सेमी वाळू खरवडून नवी टाका. बहुतेक वेळा पापुद्रा तिथंच धरलेला असतो.

वाघूर४५
गिरणेचा पाट यांचं कापडाबद्दलचं म्हणणं मान्य, वाळू खरवडून भागायचं असेल तर मध्ये कापड नसलेलंच बरं. पांझराकाठ, क्रम असा ठेवा. चाचणीचे खड्डे आत्ताच. खोदाई आणि दगड आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत. वाळू मात्र मृगाच्या तोंडावर, वरचे काठ गवतानं धरल्यावर किंवा निदान तागाची जाळी अंथरून झाल्यावरच. काठ उघडे असताना वाळू टाकली तर पहिल्याच पावसात काळी माती तिच्यावर येऊन बसेल. ले-आउटमध्ये कुठं बांधकाम चालू असेल तर पहिला पावसाळा चराच्या तोंडाशी रेतीच्या गोण्या लावून पाणी सरळ सांडव्याकडे वळवा, आणि बांधकाम संपल्यावरच चर उघडा.