घराच्या आर्किटेक्टची फी तुम्हाला कशी उलगडत गेली?

उंबरठा :
धाकट्या बहिणीने घर बांधायला काढले आहे. तिच्या आर्किटेक्टने दिलेला दोन पानी प्रस्ताव तिने काल मला वाचायला आणून दिला आणि तो वाचता वाचता मी आमच्या घराच्या नकाशांची गुंडाळी कपाटावरून खाली काढली. तिला हात लावून बारा वर्षे झाली होती. तळमजल्याच्या नकाशावर उजव्या कोपऱ्यात सुधारणांचा एक लहानसा तक्ता आहे आणि त्यात एकाखाली एक नऊ तारखा आहेत. पहिल्या तीन तारखांचे काम ठरलेल्या फीमध्ये झाले होते. पुढच्या सहा तारखांसाठी आम्ही वेगळे पैसे मोजले होते.

त्या वेळी आम्ही दोन आर्किटेक्टना भेटलो आणि दोघांनाही एवढेच विचारले की, "फी किती टक्के?" एकांनी 6 सांगितले, दुसऱ्यांनी 8. आम्ही 6 टक्केवाल्यांकडे गेलो. टक्के नेमके कशाचे, हा प्रश्न आमच्या मनातही आला नाही. ते 6 टक्के घरावर होणाऱ्या सगळ्या खर्चाचे होते, म्हणजे ओट्याखालची कपाटे, दिवे, नळ, कुंपणाची भिंत हे सारे त्यात धरलेले होते. दुसऱ्यांचे 8 टक्के फक्त मूळ बांधकामाचे होते. एकूण खर्च 100 आणि त्यात मूळ बांधकाम 70 असे धरले, तर पहिल्यांची फी 6 होते आणि दुसऱ्यांची 5.6. शिवाय दुसऱ्यांच्या फीमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियरची फी आलेली होती. आमच्या पत्रात ती 'मालकाने स्वतंत्रपणे द्यावी' असे लिहिले होते. पहिल्यांनी आमच्यापासून काही लपवले, असे मी मुळीच म्हणणार नाही. सगळे पत्रात होते, आम्ही ते पत्र आकड्यापुरते वाचले.

बहिणीच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून हा धागा काढते आहे. फी कशी ठरली, तिच्यात काय आले, काय बाहेर राहिले आणि ते तुमच्या केव्हा लक्षात आले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पाणंद :
नऊ सुधारणा वाचून मन भूतकाळात गेले. आमच्या करारात 'दोन पर्याय आणि निवडलेल्या पर्यायात दोन सुधारणा' असे स्पष्ट होते आणि त्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. बांधकामाचे तपशीलवार नकाशे तयार झाल्यानंतर आम्ही वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत न्यायला सांगितले. आमच्या दृष्टीने तो एक चौकोन इकडचा तिकडे सरकवण्याचा प्रश्न होता. प्रत्यक्षात सांडपाण्याचा पाइप तळमजल्यावरच्या बैठकीच्या छतातून जाऊ लागला, म्हणून तो मार्ग बदलला. स्लॅबचा खोलगट भाग हलला, म्हणून सळ्यांचे नकाशे बदलले. खिडकी बदलली, म्हणून दर्शनी बाजू बदलली, आणि विजेचा नकाशा तर नव्यानेच काढावा लागला. त्या एका वाक्यापायी एकूण सात नकाशे पुन्हा निघाले. हीच गोष्ट आम्ही पहिल्या कच्च्या आराखड्याच्या वेळी सांगितली असती, तर ती पेन्सिलीच्या चार रेषांत आणि ठरलेल्या फीमध्ये झाली असती.

कोरा_कागद :
मी स्वतः आर्किटेक्ट आहे आणि घरांचीच कामे करतो. टेबलाच्या या बाजूने लिहितो.

फी सांगण्याच्या साधारण चार रीती आहेत. बांधकाम खर्चाची टक्केवारी, ठोक रक्कम, क्षेत्रफळानुसार दर आणि तासांवर आकारणी. यांपैकी एकही रीत मुळात चांगली किंवा वाईट नाही. कामाची व्याप्ती स्पष्ट असेल, तर ठोक रकमेत दोघांनाही स्वस्थता असते. व्याप्ती धूसर असेल, जसे जुन्या घरात काय निघेल हे भिंत फोडल्याशिवाय समजत नाही, तेव्हा सुरुवातीचा अभ्यास तासांवर करावा, मात्र त्याला वरची मर्यादा लेखी घालून घ्यावी. टक्केवारी घेतली, तर ती प्रत्यक्ष अंतिम खर्चावर आहे की दोघांनी मान्य केलेल्या अंदाजपत्रकावर, हे आधी ठरवावे. मध्येच सिमेंट आणि लोखंड महागले तर माझे काम वाढत नाही, मग माझी फी का वाढावी, हा मालकाचा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून मी मान्य अंदाजपत्रकावर फी गोठवतो. याउलट मालकाने एक खोली वाढवली, तर काम खरोखरच वाढते आणि तेवढी फी वाढते.

आता पैसे जातात कुठे, हे सांगतो. फी 100 धरली, तर रूढ विभागणी अशी असते की कच्च्या आराखड्याला 15, तो पक्का करण्याला 20, बांधकामाच्या तपशीलवार नकाशांना 40, कंत्राटदारांचे दर मागवून तपासण्याला 5 आणि बांधकाम सुरू असतानाच्या कामाला 20. ही विभागणी माणसागणिक थोडी इकडेतिकडे होते, पण सर्वांत मोठा वाटा तपशीलवार नकाशांचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. लोकांच्या डोळ्यांसमोर रंगीत चित्र असते. माझे सर्वाधिक तास मात्र खिडकीच्या चौकटीखालून पाणी आत येऊ नये म्हणून दगडाला उतार किती द्यायचा आणि खाचा कुठे मारायच्या, असल्या रेषांत जातात.

लहान घराची टक्केवारी मोठ्या घरापेक्षा जास्त का, असेही विचारले जाते. घर निम्म्या आकाराचे झाले म्हणून जिन्याचा तपशील निम्मा होत नाही. जिना एकच असतो आणि तो पूर्णच काढावा लागतो.

निंबोणी :
@कोरा_कागद, इतके सोपे करून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे क्षेत्रफळावर दर होता आणि भांडण क्षेत्रफळावरूनच झाले. गच्ची, व्हरांडा आणि गाडी ठेवण्याची जागा मोजायची की नाही, हे कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी छताखालचे सगळे पूर्ण आणि उघडी गच्ची अर्धी, असा मधला मार्ग निघाला. मुलाला शाळेतून आणायला निघाले आहे, बाकीचे रात्री लिहीन.

सावली :
आमचा अनुभव आर्किटेक्ट न नेमण्याचा आहे, तरी याच धाग्यात बसेल असे वाटते.

कंत्राटदाराने "प्लॅन मी फुकट देतो" असे सांगितले आणि आम्ही हो म्हटले. ते नकाशे म्हणजे खोल्यांची मांडणी दाखवणारे दोन कागद होते. जिन्याचा उभा छेद त्यांत नव्हता. स्लॅब पडल्यानंतर लक्षात आले की वरून चौथ्या पायरीवर डोक्यावर बीम येतो. जिन्यात किमान दोन मीटर मोकळी उंची हवी असते, असे नंतर समजले. आमच्याकडे तिथे पावणेदोन मीटरही भरत नाही. वडील उंच आहेत. गेली पाच वर्षे ते त्या पायरीवर आले की डावा हात वर नेऊन बीमला टेकवतात, मान झुकवतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात. बीमच्या कडेला त्या जागी रंग तळहाताएवढा मळला आहे. मी तो दोनदा पुसून काढला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

फुकट नकाशाची किंमत कंत्राटदाराच्या दरात धरलेली असणारच, हे आता कळते. त्याहून मोठी उणीव अशी की त्याने लावलेली बिले तपासायला आमच्या बाजूचे कोणीच नव्हते. ज्याचे बिल, त्याचेच मोजमाप. शेजाऱ्यांकडे कंत्राटदाराचे प्रत्येक बिल आर्किटेक्टच्या सहीनंतरच चुकते होत असे आणि दोन वेळा त्यांनी बिलातले गिलाव्याचे मोजमाप प्रत्यक्ष टेप लावून कमी केले होते.

पाणंद :
सावली, वडिलांचे वाचून गलबलून आले. बीमच्या त्या कडेला मऊ पट्टी लावून घ्या. निदान अंधारात लागणार तरी नाही.

सावली :
लावली आहे. आभार.

गवाक्ष :
नूतनीकरणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नव्या घरापेक्षा आमच्या जुन्या घराच्या कामाला टक्केवारी जास्त सांगितली गेली, तेव्हा मला ती अवास्तव वाटली होती. पहिल्या आठवड्यात मत बदलले. आमच्याकडे मूळ नकाशे नव्हते. दोन माणसे तीन दिवस घरात फिरून प्रत्येक भिंतीची जाडी, प्रत्येक खिडकीची जमिनीपासूनची उंची आणि खोल्यांचे कर्ण मोजत होती, कारण जुन्या खोल्या दिसायला काटकोनी असल्या तरी मोजायला नसतात. कुठली भिंत भार पेलणारी आहे, हे ठरवण्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवावे लागले आणि त्यांची फी निराळी होती. या मोजणीसाठी प्रस्तावात स्वतंत्र ओळ आहे का, हे जुन्या घरात काम काढणाऱ्या प्रत्येकाने पाहावे.

दवबिंदू :
विषयाला थोडे समांतर, पण नकाशांच्या गुंडाळीचा उल्लेख आला म्हणून विचारते. गुंडाळीला दमट हवा लागून कागद चिकटतात. सर्वांनी नकाशांच्या फाइलीही मागून घेतल्या का? आम्ही मागितल्या, तेव्हा छापील प्रतींची संख्या आणि फाइली या दोन्हींचा उल्लेख करारात नसल्याचे कळले. जास्तीच्या छापील संचांचे पैसे द्यावे लागले. काम संपल्यावर 'जसे बांधले तसे' नकाशे हवे असतील, तर तेही आधीच लिहून घ्यावे. भिंतीत पाइप कुठून गेला आहे, हे दहा वर्षांनी त्याच नकाशावरून समजते.

पायरव :
साईटवरच्या भेटींबद्दल माझा फार मोठा गैरसमज होता. 'देखरेख समाविष्ट' असे वाचून मी समजलो की आर्किटेक्ट किंवा त्यांचा माणूस रोज येईल. करारात महिन्याला दोन भेटी होत्या. भेटी देऊन काम नकाशाप्रमाणे होते आहे की नाही हे पाहणे आणि दिवसभर साईटवर उभे राहून काम करून घेणे, या दोन वेगळ्या सेवा आहेत. दुसरीसाठी वेगळा सुपरवायझर नेमावा लागतो आणि त्याचा पगार वेगळा असतो. मला हे कळले तेव्हा जोत्याचे काम उरकले होते.

त्यानंतर आम्ही आर्किटेक्टशी बसून भेटींचे वेळापत्रक बदलून घेतले, हे मात्र चांगले झाले. महिन्याला दोन, या हिशेबाऐवजी कामाच्या नाजूक टप्प्यांवर भेट ठरली. पायाची आखणी झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्या बांधून झाल्यावर, भिंतीतले पाइप झाकण्यापूर्वी आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर. एकदा झाकले गेलेले काम नंतर पाहता येत नाही, म्हणून झाकण्याआधीची भेट सर्वांत मोलाची, असे ते म्हणाले. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन ठिकाणी सळ्यांखाली ठोकळे नसल्याचे दाखवले. सळ्या थेट फळीवर टेकल्या होत्या. काँक्रीट तसेच ओतले असते, तर त्या स्लॅबच्या तळाशी उघड्या पडून गंजल्या असत्या.

निंबोणी :
रात्री लिहीन म्हटले होते, म्हणून आले. हप्त्यांबद्दल सांगायचे आहे. हप्ते तारखांना बांधू नका, पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधा. आमचे तारखांना बांधलेले होते. मंजुरीला उशीर झाला, काम थांबले, पण हप्त्यांच्या तारखा येतच राहिल्या आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वीच आम्ही फीचा तीन चतुर्थांश भाग देऊन बसलो. त्यांनी पुढे काम पूर्ण केले, यात शंका नाही. पण ते आठ महिने आम्ही फार काळजीत काढले. मंजुरीसाठी भरायचे शुल्क, माती परीक्षण आणि जागेची मोजणी हे सगळे फीच्या बाहेर होते, तेही नोंदवते. आणि करांचाही उल्लेख पाहावा, कारण सांगितलेला आकडा कर धरून आहे की कर वगळून, यानेही बराच फरक पडतो.

उंबरठा :
सर्वांची मनापासून आभारी आहे. बहिणीचा प्रस्ताव तुमच्या अनुभवांसमोर ठेवून पुन्हा वाचला. टक्केवारी मान्य अंदाजपत्रकावर आहे, हे चांगले आहे. सुधारणांची संख्या लिहिलेली नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर समाविष्ट आहे, माती परीक्षण नाही. भेटींबद्दल 'आवश्यकतेनुसार' एवढाच शब्द आहे. @कोरा_कागद, एक प्रश्न राहिला. काम अर्ध्यावर थांबवावे लागले तर काय, याबद्दल प्रस्तावात काहीच नाही. आणि तेच नकाशे घेऊन दुसऱ्या आर्किटेक्टकडे जाता येते का?

कोरा_कागद :
थांबवण्याचे कलम लिहून घ्याच. साधारण रीत अशी की पूर्ण झालेल्या टप्प्यांची पूर्ण फी आणि सुरू असलेल्या टप्प्याची झालेल्या कामाइतकी फी द्यायची. नकाशांवरचा हक्क बहुधा आर्किटेक्टकडे राहतो आणि मालकाला त्या एका जागेवर, त्या एका घरासाठी ते वापरण्याची परवानगी मिळते. त्यामुळे फी चुकती झाल्यावर तेच नकाशे पुढे दुसऱ्याकडून पूर्ण करून घेता येतील, असे एक वाक्य करारात असले पाहिजे. असे वाक्य घालायला मी कधी नकार दिलेला नाही.

'आवश्यकतेनुसार' हा शब्द मात्र तसाच ठेवू नका. पायरव यांनी लिहिलेले चार टप्पे त्या जागी लिहा आणि त्यापुढे जास्तीच्या प्रत्येक भेटीचा दर मागा. बहिणीची बैठक केव्हा आहे?

उंबरठा :
परवा सकाळी. पायरव यांचे चार टप्पे तिने आत्ताच प्रस्तावाच्या समासात लिहून घेतले आणि सुधारणांच्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह काढले आहे. बैठकीहून आली की काय ठरले ते इथेच लिहायला सांगते.