चर्चा धागा: रुग्णालयातून सुटल्यावर थेट केअर सेंटर म्हणजे टाकून देणे का?

मुक्ता_डोंबिवली

परवा येथे सदाशिवकर यांनी लिहिले की, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला घरी न आणता केअर सेंटरमध्ये पाठवणारी मुले पाहिली की या पिढीच्या संस्कारांची कीव येते. त्याखाली माना डोलावणाऱ्यांची जी रांग लागली, ती पाहून हे उत्तर लिहीत आहे.

माना डोलावणाऱ्यांपैकी किती जणांनी डिस्चार्जचा दिवस स्वतः निभावला आहे? सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘उद्या घरी न्या’ म्हणतात, विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ होते, आणि शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात. पण दर दोन तासांनी कूस कोणी बदलायची, नाकातल्या नळीतून पातळ आहार किती सावकाश सोडायचा, लघवीची पिशवी कमरेच्या पातळीखालीच का ठेवायची, याबद्दल त्यावर अवाक्षरही नसते. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचे आहे आणि न्हाणीघराच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही. शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना रात्री भ्रम होत असे आणि त्या नळ्या ओढून काढत. वृद्धाश्रमांना फोन केले, तर चालत्याफिरत्या माणसांनाच घेतो, असे उत्तर मिळाले. मग उरते ते केअर सेंटर. तेथे त्या पुन्हा वॉकर धरून चालू लागल्या. यात संस्कार कोठे बुडाले, ते समजावून सांगावे.

सदाशिवकर

माझा आक्षेप शुश्रूषेला नाही, सोयीला आहे. ‘त्या चालू लागेपर्यंत’ म्हणून नेलेली माणसे पुढे तेथेच राहतात, कारण तोवर घरातली त्यांची खोली मुलांच्या अभ्यासाची झालेली असते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा मी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून रात्रीचे मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, लावले, दिवसा स्वतः केले, आणि त्यांनी आपल्याच पलंगावर डोळे मिटले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना सोडून देणाऱ्यांसाठी तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, हे काही उगीच नव्हे. मुक्ताताईंनी घराचा जिना सांगितला, दार सांगितले. सासूबाईंना विचारले होते का, एवढे मात्र सांगितले नाही.

पांढरी_टोपी

परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे, म्हणून लिहिते. सदाशिवकर त्या कायद्याच्या ज्या कलम २४ चा धाक घालतात, ते पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने वृद्धाला कोठेतरी ठेवून जाणाऱ्यांसाठी आहे. दरमहा शुल्क भरून भेटायला जाणारी सून त्यात बसत नाही.

तथापि मुक्ताताई, सगळी सेंटरे तुमच्यासारखी निघत नाहीत. अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमा मी दोन्हीकडून आलेल्या पाहिल्या आहेत, घरातूनही आणि सेंटरमधूनही. सेंटर पाहायला जाताना कळवून जाऊ नये, आणि दुपारची गजबज पाहून निर्णय घेऊ नये. रात्री पाळीवर किती माणसे असतात, त्यांत प्रशिक्षित परिचारिका कोण, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार आणि तेथे सही कोण करणार, हे विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालय सोडताना आणि सेंटरमध्ये दाखल होताना, दोन्ही वेळी माकडहाड, टाचा आणि कुल्हे तपासून त्वचेची स्थिती लिहून घ्यावी. हे केले नाही, तर जखम दिसल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नातेवाईक मध्ये उभे राहतात.

निवृत्त_बँकवाला

संस्कारांची चर्चा संपली असेल तर बिलाकडे वळू. विमा पॉलिसीतल्या प्रमाणित अपवादांत स्पष्ट लिहिलेले असते की अंघोळ, कपडे, हालचाल यांसाठी लागणारी देखभाल, मग ती घरी असो वा संस्थेत, विम्यात धरली जात नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. सेंटरच्या मासिक शुल्काला त्याचा उपयोग नाही. शुल्क, डिपॉझिट, डायपर आणि फिजिओथेरपी हे सगळे खिशातून जाते. आणि तो खिसा नेहमी एकाच मुलाचा असतो. आमच्या भगिनी बडोद्याहून व्हिडिओ कॉलवर आईची चौकशी करतात, सेंटरच्या जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार मला कळवतात, आणि फ्लॅटचा विषय निघाला की कायद्याने समान वारस असल्याची आठवण करून देतात.

धाकटी_लेक

हे वाचून राहवले नाही. बँकवाले काका, तुमच्या भगिनींची बाजू आम्हांला कोठे ठाऊक आहे? आमच्याकडे आईला हलवले तेव्हा भावाने मला विचारले नाही. सेंटरच्या खात्याचा क्रमांक आणि ‘अर्धे तुझे’ एवढाच निरोप आला. अर्धे देण्यास माझी ना नाही. लग्न झालेली मुलगीही, तिचे स्वतंत्र उत्पन्न असेल तर, आईवडिलांच्या निर्वाहाला बांधील आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, तेही कल्याणच्या एका डॉक्टर लेकीच्या खटल्यात सांगितले आहे. पण पैसे मागताना मी मुलगी आणि निर्णय घेताना मी परक्याच्या घरची, हा हिशेब कोणत्या बँकेत चालतो?

निवृत्त_बँकवाला

निर्णय घ्यायला माणूस रुग्णालयात हजर असावे लागते, बाई.

धाकटी_लेक

हजर राहायला आधी कोणी कळवावे लागते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच. येथे रुग्णालयातच सोशल वर्कर पुढची जागा शोधून देतो, आणि सलग तीन दिवस दाखल असलेल्या वृद्धाला मेडिकेअर, म्हणजे येथील सरकारी आरोग्य विमा, १०० दिवसांपर्यंत शुश्रूषा केंद्राचा खर्च देऊ शकते. त्यातले पहिले २० दिवस पूर्ण. निव्वळ अंघोळ-जेवणाच्या देखभालीचा खर्च मात्र येथेही मिळत नाही. भारतात आईच्या वेळी ही सगळी धावपळ माझ्या धाकट्या भावाने एकट्याने केली. मी पैसे पाठवले आणि त्यावर समाधान मानले, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही; पण फ्लॅटवरचा हक्क सोडल्याचे कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो.

निवृत्त_बँकवाला

अभिनंदन. हक्कसोडपत्र नोंदवले असेल तरच बोला. निरोपावर सोडलेले हक्क वारसनोंदीच्या वेळी परत येतात. शिवाय आई हयात असताना फ्लॅट तिचा आहे, आपण तो वाटणारे कोण? तिने सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि ती अट मोडली, तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येते. ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी, एवढे तरी या धाग्यावरून कोणीतरी शिकावे.

सदाशिवकर

धागा सेंटरवर होता, तो सातबाऱ्यावर पोहोचला. यातच माझा मुद्दा सिद्ध होतो. पांढरी टोपी यांचा कलमाबाबतचा खुलासा मान्य. आमच्याकडे लिफ्ट होती आणि मी नोकरीतून मोकळा झालो होतो, हेही मान्य, म्हणजे मुक्ताताईंच्या न्यायालयात माझी शिक्षा कमी होईल. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

मुक्ता_डोंबिवली

विचारले होते, आणि त्यांनी नाही म्हटले होते. त्यांना घरीच यायचे होते. पण घरी दिवसा मी कामावर, आणि बेडपॅन द्यायला त्यांचा मुलगा पुढे झाला की त्या लघवी रोखून धरत. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातच हे दोनदा झाले आणि मग नळी घालावी लागली. दिवसभराची मावशी ब्युरोने कबूल केली आणि आदल्या संध्याकाळी नाही म्हणून कळवले. हे त्यांच्यापुढे मांडल्यावर त्यांनी तीन अटी घातल्या: खोलीत बायकाच हव्यात, देवाची तसबीर सोबत हवी, आणि आपल्या कपाटाची किल्ली आपल्याकडेच राहील. तिन्ही पाळल्या. सदाशिवकर, आपले मामा रात्री होते आणि दिवसा आपण होता, असे लिहिले आहेत. त्या दिवसांत घरात वहिनी काय करत होत्या, तेही एकदा लिहावे.

सदाशिवकर

त्या स्वयंपाक करत होत्या. आणि कपडे, पथ्याचे जेवण, पाहुणे हेही त्यांच्याकडे होते. समाधान झाले असेल, तर पांढरी टोपी यांना विचारतो: डोंबिवली-कल्याण भागात रात्री प्रशिक्षित परिचारिका खरोखर ठेवणारे सेंटर कसे ओळखावे? एका स्नेह्यांसाठी विचारतो आहे.

पांढरी_टोपी

रात्री अकरानंतर फोन करावा. कोण उचलते आणि रुग्णाच्या शेवटच्या रक्तदाबाची नोंद किती वेळात सांगते, ते पाहावे. आणि स्नेह्यांना सांगावे की डिस्चार्जची तारीख ठरण्याआधीच शोध सुरू करा.