बाळाची सर्दी: कधी थांबलात, कधी धावलात? (अनुभव धागा)

रात्रपाळी (पुणे)

मुलगा सात आठवड्यांचा होता. ऑगस्ट अखेर, बाहेर झड लागलेली. मोठीने बालवाडीतून सर्दी आणली आणि लाडात येऊन धाकट्याचे पापे घेतले. दोन दिवसांत याचं नाक चोंदलं. मी मुळीच घाबरले नाही. दुसरं मूल, म्हणजे आपण मुरलेल्या! दूध पाजायच्या थोडं आधी नाकात सलाइनचे थेंब, मग उभं धरून थोपटणं, सगळं पाठ होतं.

तिसऱ्या रात्री तो अंगावर यायचा, दोन घोट ओढायचा आणि सोडून रडायचा. सासूबाई म्हणाल्या, "नाक बंद आहे त्याचं, श्वास घेईल की दूध ओढेल?" बरोबरच होतं ते. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. पण पहाटे साडेतीनला लंगोट बघितला तर कोरडा. त्याआधीचा रात्री नऊला बदललेला, तोही जेमतेम ओला. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. ताप मोजला, ९८.६. ताप नाही या एका भरवशावर मी दोन दिवस काढले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी आधी स्टेथोस्कोप लावलाच नाही. झबलं वर करून नुसत्या घड्याळाकडे आणि पोटाकडे बघत राहिल्या, पूर्ण एक मिनिट. मला वाटलं, ही बाई काही करत का नाही? त्या श्वास मोजत होत्या. ७२ भरले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर ते जलद समजतात. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना मोजायचे, रडताना नाही. ब्राँकिओलायटिस निघाला, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज. पाच दिवस ऑक्सिजन आणि नाकातल्या नळीने दूध. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण दुखणं विषाणूचं.

म्हणून हा धागा. नेमकं काय बघून तुम्ही उठलात, किंवा उठायला हवं होतं आणि उठला नाहीत, ते लिहा. बाळ किती महिन्यांचं होतं तेवढं मात्र नक्की लिहा. दीड महिन्याचं बाळ आणि दीड वर्षाचं पोर यांची सर्दी एकसारखी नसते.

जुळ्यांची आई (डोंबिवली)

मी उलट्या टोकाची. पहिल्या वर्षात अकरा वेळा धावले, त्यातल्या नऊ वेळा हात हलवत परत. आमचे डॉक्टर आता मला बघून "कोण, डावा की उजवा?" असं विचारतात.

मला घाबरवायची ती घुरघुर. पाठीवर हात ठेवला की हाताला लागायची, वाटायचं छाती कफाने भरली. डॉक्टरांनी एक युक्ती शिकवली. सलाइन घालून नाक साफ करा आणि मग कान लावा. आवाज गेला तर तो नाकातला होता. छाती इतकी लहान की नाकातला आवाज खालपर्यंत घुमतो. दुसरं म्हणजे शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागत येऊ नका म्हणाले, साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसा होतो. आणि या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच. जुळ्यांच्या घरी हिशोब तुम्हीच करा.

ज्या दोन वेळा धावपळ खरी ठरली, त्यातली एक लिहिते. मुलगी, वय नऊ महिने. सर्दी उतरत आली होती, ताप जाऊन दोन दिवस झाले होते, आणि पुन्हा एकदम १०२. रात्रभर कान ओढत रडली. कानात पू झाला होता. तेव्हापासून गेलेला ताप परत आला की मी थांबत नाही.

कुडाळची आजी

माझे चार मुलगे धुरीवर वाढले. शेगडीत निखारे, वर ओवा आणि लसणीच्या साली, न्हाऊन झालं की बाळाला त्यावर धरायचं. नातवाला तीन महिन्यांचा असताना सर्दी झाली तेव्हा मी तेच केलं आणि तो खोकून खोकून लाल झाला. सूनबाई काही बोलली नाही, पण डॉक्टर बोलले. धूर तो धूर, ओव्याचा असला म्हणून छातीला गोड लागत नाही, असं म्हणाले. मला राग आला होता. आता नाही करत. तळपायांना कोमट तेल चोळते, त्याने माझंच समाधान होतं, तेवढं असू दे.

पण एक सांगते. माझी आई शाळेत गेली नव्हती. कुणाचं पोर पडशाने आजारी पडलं की ती पहिलं अंगडं वर करून बघायची, "पोट उडतंय काय गो?" पोट उडत असलं की म्हणायची, डबा आलाय (म्हणजे छातीचं दुखणं), हे घरच्या औषधाचं काम नव्हे, कुडाळास न्या. वर रात्रपाळीबाईंनी लिहिलंय तेच ते.

नवखा बाबा (नागपूर)

सर्वांना विचारतो. मुलगी दोन महिने दहा दिवसांची आहे. काल दुपारपासून नाक वाहतंय. आत्ता काखेत १००.६ ताप. पण दूध पितेय, हसतेय, श्वास ४४ मोजला. उद्या तसंही लसीला जायचंय. तोपर्यंत तापाचं औषध देऊन थांबू का? आई म्हणते दात येत असतील.

रात्रपाळी

नवखा बाबा, नका थांबू. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री डॉक्टर. हसत असली तरी. औषध देऊन ताप उतरवून नेऊ नका, थर्मामीटरचा आकडा आणि वेळ लिहून घेऊन निघा. आणि दोन महिन्यांत कसले दात!

औषधांच्या दुकानातून

माझं दुकान निमशहरी भागात आहे. रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, बाळाला सर्दी आहे, काहीतरी द्या. मी देत नाही, तर पुढच्या दुकानात जातात.

डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, मुलं गेली. तेव्हा केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. शुद्ध असलं तरी त्या वयात त्याचा उपयोग नाही, उलट गुंगी येते आणि बाळ दूध सोडतं. मग ते आजाराने मलूल आहे की औषधाने, हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

दुसरी चूक पॅरासिटामॉलची. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. "मागच्या वेळी अर्धा चमचा दिला होता" म्हणून थेंबांची बाटली अर्धा चमचा पाजली तर चौपट जातं. शेजारणीच्या मुलाचा डोस विचारू नका, वजनावर ठरतो तो. नाकाच्या थेंबांचंही तसंच, सलाइन वेगळं आणि मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब वेगळे, बाटल्या दिसायला सारख्या. कापूर घातलेलं तेल बाळाच्या नाका-छातीला नको, कापराने लहानग्यांना झटके येऊ शकतात. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका. आजी, हे तुम्हाला उद्देशून नाही.

कुडाळची आजी

समजलं हो.

आशाताई (जव्हारकडची)

आम्हाला दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा जावं लागतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ, वजनकाटा असतो.

एकविसाव्या दिवसाची भेट होती. आई म्हणाली, "ताई, सर्दी होती पण आता बरा आहे. कालपासून रडतच नाही, गुणाचा झालाय." ते ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. बाळ गुंडाळलेलं, पाय उघडे केले तर गार. थर्मामीटर ३५ सेल्सिअस दाखवतोय. छातीला लावलं तर तोंड उघडलं पण ओढेना. टिचकी मारली तर जरासं कण्हलं. ताप चढत नाही म्हणून सगळे निश्चिंत होते, पण महिन्याच्या आतलं बाळ आजारी पडलं की कधी कधी तापत नाही, गार पडतं. ३५.५ च्या खाली गेलं तरी धोकाच.

१०२ ला फोन केला. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार फुकट आहेत, हे घरच्यांना माहीत नव्हतं. आजा म्हणे गाडीचे पैसे कोण देणार. गाडी येईपर्यंत पाऊण तास बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून लुगडं बांधलं. अकरा दिवस नवजात कक्षात होतं. आता अंगणवाडीत येतं आणि भयंकर दंगा करतं. त्याच्या आईला मी अजून चिडवते, गुणाचा झालाय ना?

लेस्टरकर

इथे इंग्लंडात मुलगी चार महिन्यांची असताना १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला, फोन केला. पलीकडच्या नर्सने शेंबडाबद्दल एक शब्द विचारला नाही. नेहमीच्या निम्म्याहून कमी पितेय का, बारा तासांत लंगोट ओला झालाय का, ओठ-जीभ निळी दिसते का, श्वास मध्येच थांबतो का, हेच. मग तपासायला बोलावलं, ऑक्सिजन बघितला आणि घरी जा म्हणाले. एक गोळी नाही, एक बाटली नाही! मी नवऱ्यापाशी भांडले, आपल्याकडे असतं तर निदान वाफ तरी दिली असती.

पण जाताना म्हणाले होते, हा आजार (वरचाच, ब्राँकिओलायटिस) तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आज दुसरा आहे. चौथ्या दिवशी ती निम्म्याहून कमी प्यायली आणि आम्ही परत गेलो. या वेळी दाखल केलं. आधी घरी पाठवलं म्हणून परत जायला लाजलो असतो तर काय, हा विचार अजून येतो. धाकट्याच्या वेळी गरोदरपणातच, हा आजार बहुतेकदा ज्याने होतो त्या आरएसव्ही विषाणूची लस घेतली. इथे सप्टेंबर २०२४ पासून २८ आठवड्यांनंतर देतात.

फुटाणा

सव्वा वर्षाचा. आठवडाभर फक्त उजव्या नाकपुडीतून शेंबूड, डावी कोरडी ठणठणीत. पुढे वास मारायला लागला. ईएनटीवाल्यांनी चिमट्याने अख्खा फुटाणा काढला. एकाच बाजूने वाहणारं नाक सर्दीचं समजू नका, आणि घरी चिमटा घालू नका, आत सरकतो.

माहेरवाशीण (सांगली)

आमच्या घरी सासऱ्यांना महिनाभर खोकला. सगळे म्हणत होते तंबाखूचा. बाळ पाच आठवड्यांचं, त्याला आधी नुसती सर्दी, आठवड्याने खोकला. खोकला म्हणजे एका दमात दहा-बारा वेळा, मग तोंड काळंनिळं आणि शेवटी ओकारी. एकदा खोकून झाल्यावर श्वासच घेईना, दोन-तीन क्षण असतील, मला तास वाटला. उचलून तशीच रिक्षात बसले. डांग्या खोकला. ती 'हूप' करून श्वास ओढण्याची खूण इतक्या लहान बाळात नसतेच बऱ्याचदा, नुसता श्वास थांबतो. त्यावरची पहिली लस सहाव्या आठवड्याला असते, ती व्हायची होती. मी पळताना मोबाइलवर खोकल्याचा व्हिडिओ काढला होता, डॉक्टरांनी तो तीनदा बघितला, कारण तिथे पोचल्यावर बाळ शांत झोपलेलं.

नवखा बाबा (नागपूर)

आत्ता घरी आलो, म्हणून उशीर. त्या रात्री अकराला निघालो. आई दारापर्यंत म्हणत होती, सर्दीसाठी कुणी एवढ्या रात्री जातं का. त्यांनी छाती तपासली, स्वच्छ. मग रक्त आणि लघवी घेतली. ताप सर्दीचा नव्हताच, लघवीत जंतू निघाले. सर्दी आपली सोबतीला होती. सात दिवस सलाइनमधून औषध दिलं, आता सोनोग्राफीची तारीख दिलीय. लस पुढे गेली.

नाक अजून वाहतंय. श्वास ३८. आईने स्वतः मोजले.