मदत हवी आहे: डेस्कटॉप सुरूच होत नाही (तातडीचं)

पानगळ
काल रात्रीपर्यंत धड चालणारा डेस्कटॉप आज सकाळपासून सुरू होत नाही. बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. प्लग बदलला, वायर बदलली, काही उपयोग नाही. अर्धवट झालेलं भाषांतर त्यातच अडकलंय आणि ते परवा द्यायचंय. दुरुस्तीला टाकला तर कधी परत मिळेल सांगता येत नाही. घरच्या घरी काय करता येईल? कृपया लवकर सांगा.

सोल्डरगन
एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलाय. जुन्या मशीनमध्ये सगळ्यात आधी तोच मान टाकतो. मदरबोर्डावरचा (आतल्या मुख्य बोर्डावरचा) २४ पिनांचा जाड कनेक्टर काढा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा आणि मग स्विच लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर नवीन आणा, विषय संपला.

तिसरी_घंटा
थांबा, आधी नीट विचारू या. पानगळ, 'सुरू होत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? कॅबिनेटचा दिवा लागतो का? आतला पंखा फिरतो का? फिरून लगेच बंद पडतो की फिरतच राहतो? मॉनिटरवर काही अक्षरं येतात का? या प्रत्येक उत्तरावर पुढचा रस्ता बदलतो.

पेंग्विनपंथी
विंडोज १० आहे का? असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच तिचा सपोर्ट संपलाय. या निमित्ताने लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. जुन्या मशीनवर सुरेख चालतं, मी घरातली सगळी मशीन त्याच्यावर आणली आहेत.

पानगळ
विंडोज १० च आहे, पण स्क्रीनवर काही दिसलं तर मी काहीतरी टाकणार ना! पंखा फिरतो, फिरतच राहतो. दिवा लागतो. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो आणि झोपतो. बाकी काही नाही.

तिसरी_घंटा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. म्हणजे वीज आत पोचतेय, पण मशीन स्वतःची पहिली तपासणी पार करत नाहीये. विंडोजपर्यंत गाडी गेलेलीच नाही, तेव्हा फॉरमॅट, लिनक्स हे विषय आत्ता बाजूला ठेवू या. तुमच्या फाइली डिस्कवर जिथल्या तिथे असणार, त्याची धास्ती घेऊ नका. आता एवढं सांगा: मशीन किती जुनं? वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? मॉनिटरची केबल नेमकी कुठे लावली आहे? रॅमच्या (तात्पुरत्या मेमरीच्या) किती पट्ट्या? आणि काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत मशीनला कोणी हात लावला होता का?

दवबिंदू
माझाही पीसी फार हळू सुरू व्हायचा. हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकली, आता चटकन उघडतो. नक्की टाकून बघा.

सोल्डरगन
पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, असं कोणी समजू नये. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ एवढं मिळालं पाहिजे, ५ व्होल्टच्या लाइनवर ४.७५ ते ५.२५. ताण आल्यावर ती खाली बसली तर पंखा फिरेल, पण बोर्ड उठणार नाही. मल्टिमीटर आहे का घरात?

कोरी_पाटी
सोल्डरगन, मग हिरवी-काळी जोडून काय कळणार होतं? त्या वेळी ताण कुठे असतो? त्या चाचणीतून एसएमपीएस पूर्ण मेलेला आहे की नाही एवढंच कळतं, बरा आहे हे कळत नाही. आणि वाचणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

सोल्डरगन
डबा उघडा असं मी कुठे म्हटलं? चाचणी बाहेरच्या कनेक्टरवर आहे. सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

पानगळ
मशीन चांगलंच जुनं आहे. आधी विंडोज ७ होती, तिच्यावरच १० चढवली. वेगळं कार्ड नाही, केबल लावायला मागे एकच जागा आहे. रॅम किती ते माहीत नाही. काल रात्री काम संपल्यावर भावाने कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली, पण तेव्हा मशीन बंदच होतं.

तिसरी_घंटा
ब्लोअर! पानगळताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलीत. मशीन बंद असलं तरी हवेच्या झोताने किंवा हात लागून रॅमची पट्टी केसभर उचलली जाते आणि तेवढं पुरतं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. मग दोन गोष्टी बघा. प्रोसेसरच्या पंख्याजवळ चार किंवा आठ पिनांचा छोटा चौकोनी कनेक्टर असतो, तो घट्ट बसलाय का? तो निसटला तर हुबेहूब असंच होतं, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. दुसरं, रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच लावून बघा.

कोरी_पाटी
पट्टी काढलीच आहे तर तिच्या सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. काळपट थर निघतो. यावर मी कित्येक मशीन उठवली आहेत.

सोल्डरगन
खोडरबर नको! तो सोन्याचा मुलामा घासतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला की नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

कोरी_पाटी
अल्कोहोल प्रत्येकाच्या घरात नसतं, खोडरबर असतं. भुगा झटकून मगच पट्टी लावायची, हे सांगायला हवं का?

उंबरफूल
रॅम वगैरे करण्याआधी बोर्डावरचा गोल सेल काढा, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावा. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डातला प्रोग्रॅम, रीसेट होतं. माझं मशीन यानेच सुरू झालं होतं.

कोरी_पाटी
सेल आत्ता काढू नका. बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात आणि जुन्या मशीनमध्ये त्याचा वेगळाच घोळ होतो. रॅम आधी.

पेंग्विनपंथी
काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जिथे अडलंय तिथला दिवा पेटून राहतो. असतील तर बघा.

पानगळ
तसे दिवे नाहीत. चौकोनी कनेक्टर घट्ट आहे. सेल काढून लावला, फरक नाही. रॅमच्या दोन पट्ट्या निघाल्या. एकीच्या टोकाची खिट्टी खरंच उघडी होती. दोन्ही पुसल्या, आधी एक लावली, दोन्ही बाजूंनी 'कट्' आवाज येईपर्यंत दाबली, आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं!! पण आता काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं येतंय. डिस्क गेली का? कृपया कोणीतरी लगेच सांगा.

दवबिंदू
म्हणूनच म्हणत होते, एसएसडी टाका.

सोल्डरगन
डिस्कची साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) हलली असेल. दोन्ही टोकं काढून परत बसवा.

कोरी_पाटी
केबल बघाच, पण मला सेलचा संशय आहे. पानगळ, बायोस उघडा. सुरू करताच डिलीट किंवा एफ२ सारखं दाबत राहा. डिस्कचं नाव यादीत दिसतंय का? तारीख जुनी दाखवतंय का?

पानगळ
डिस्कचं नाव दिसतंय. तारीख कुठल्या कुठे गेली आहे.

कोरी_पाटी
मग डिस्क जिवंत आहे, आधी मोठा श्वास घ्या. तुमची १० ही ७ वर चढवलेली आहे, म्हणजे बहुतेक करून डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली आणि सुरुवात लेगसी मोडमधून, म्हणजे बायोसच्या जुन्या पद्धतीने, होत असणार. सेल काढल्यावर तुमच्या बोर्डाने ती सेटिंग यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीवर, नेली असणार. बूट विभागात सीएसएम (जुनी पद्धत चालवणारी सोय) किंवा लेगसी असं काही असेल ते चालू करा, पहिल्या क्रमांकावर हार्ड डिस्क ठेवा, एफ१० दाबून सेव्ह करा. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नावाची सेटिंगही दिसेल. आधी एएचसीआय होतं की आयडीई, हे माहीत नसेल तर तिला हात लावू नका. मोड चुकला तर विंडोज निळ्या पडद्यावर जाऊन आपटते.

उंबरफूल
सेल काढून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. एक सेटिंग बदलली की झालं, त्यात एवढं काय?

कोरी_पाटी
एक सेटिंग माहिती असणाऱ्यासाठी. ज्या माणसाचं काम परवा द्यायचंय त्याला 'बूट डिव्हाइस' वाचून काय वाटेल, तेही बघा. आणि ज्यांच्याकडे बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असतं त्यांना बायोस रीसेट झाल्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती जवळ नसेल तर डिस्क चांगली असूनही फाइली कुलूपबंद.

पेंग्विनपंथी
आता माझा मुद्दा ऐका. विंडोज तरीही उठली नाही, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा. काहीही इन्स्टॉल न करता तो त्याच्यावरूनच चालतो, डिस्क फोल्डरसारखी उघडते, फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. काम वेळेत जाईल, दुरुस्ती मागाहून होईल.

तिसरी_घंटा
याला माझा पूर्ण पाठिंबा. बिटलॉकर नसेल तर हमखास चालतं.

पानगळ
सीएसएम 'डिसेबल्ड' होतं, ते चालू केलं. विंडोज आली! फाइल उघडली, सगळी पानं जागेवर आहेत. आधी पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्वतःला मेलही केली. सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त दुसरी पट्टी लावली की परत 'नो सिग्नल'. एकाच पट्टीवर चालवलं तर चालेल ना?

तिसरी_घंटा
काम देईपर्यंत खुशाल चालवा, जरा हळू वाटेल एवढंच. मग दुसरी पट्टी एकटीच, आत्ता चालणाऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. तिथेही नाहीच आली तर पट्टी गेली. तिथे आली तर दुसऱ्या स्लॉटमध्ये धूळ बसली असेल, नाहीतर तो स्लॉट खराब. तारीख आजची लावून ठेवा, नाहीतर वेबसाइटी सुरक्षेच्या इशाऱ्याने उघडणार नाहीत. प्लग काढून ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे गेली तर सेल नवीन घाला.

सोल्डरगन
आणि सवड मिळाली की एसएमपीएसचे व्होल्ट मोजून घ्याच.

मधली_ओळ
माझाही सुरू होत नाही. बटण दाबलं की तीनदा बीप वाजतो. काय करू?

कोरी_पाटी
बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो. बोर्डाचं मॉडेल, बीप लांब की आखूड, आणि त्याआधी मशीनमध्ये काय बदललं होतं, एवढं लिहून वेगळा धागा काढा.